गाणं हातावेगळं होतं तेव्हा



मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण मला जिन्यात भेटला. गाणी लिहितो, चालीही स्वतःच लावतो. म्हणाला, "सर, माझ्याकडे चाळीसेक गाणी आहेत, पण पूर्ण झालेलं एकही नाही. मुखडा होतो, एक अंतरा होतो, आणि मग अडतं. पुढचं सुचेपर्यंत वाट बघू, की ओढूनताणून पूर्ण करू?" मी म्हटलं, "पुढच्या खेपेला या, सांगतो." खरं सांगायचं तर त्या क्षणी मला उत्तर येत नव्हतं. आमच्या विषयात ही एक सोय असते, उत्तर येत नसलं की पुढची तारीख द्यायची. (हशा)

पण तारीख दिल्यामुळे मला विचार करावा लागला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. आणि ते मी हवेत देणार नाही. आपल्या सगळ्यांच्या कानावरून गेलेल्या एका कामाची समीक्षा करत देणार आहे. ते काम म्हणजे 'गीतरामायण'.

आधी शब्दांकडे बघू. एखादं काम शेवटाला गेलं हे सांगायला मराठीत किमान तीन शब्द आहेत. काम 'संपलं', काम 'पूर्ण झालं' आणि काम 'हातावेगळं झालं'. आपण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, पण ते एक नाहीत. संपणं ही काळाची गोष्ट आहे. तेल संपतं, सुट्टी संपते. पूर्ण होणं ही आकाराची गोष्ट आहे. अ‍ॅरिस्टॉटलने काव्यशास्त्रात म्हटलं की ज्याला आदी, मध्य आणि अंत आहे ते पूर्ण. तिसरा शब्द मात्र खास आपला. हातावेगळं होणं, म्हणजे वस्तू माझ्या हातातून सुटली. कशी सुटली, कुणी घेतली, ते त्या शब्दात नाही. पण सुटली म्हणजे आता ती दुसऱ्या कुणाच्या हातात असू शकते. त्या तरुणाचा प्रश्न दुसऱ्या शब्दाचा होता. माझं म्हणणं असं आहे की गाण्याच्या बाबतीत दुसरा शब्द तिसऱ्यावाचून बहुधा साधत नाही.

आता गीतरामायण. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके, दोघांचाही जन्म १९१९चा. पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झालेलं, म्हणजे अगदी नवं. तिथल्या सीताकांत लाडांच्या डोक्यात कल्पना आली की रामकथा गीतांतून दर आठवड्याला सांगावी. १ एप्रिल १९५५ला रामनवमी होती आणि वार शुक्रवार. त्या दिवशी पहिलं गीत प्रसारित झालं. पुढे वर्षभर, आठवड्याला एक नवं गीत.

वर्षाचे आठवडे बावन्न. मग गीतं छप्पन्न कशी? इथे पंचांगाची गंमत आहे. ठरलं होतं रामनवमी ते रामनवमी. आणि त्या वर्षी अधिक भाद्रपद आला. त्यामुळे पुढची रामनवमी एकदम १९ एप्रिल १९५६ला, गुरुवारी पडली. मोजा तुम्ही, ३८४ दिवस होतात. म्हणजे चार गीतं जास्तीची लिहावी लागली. का? तर चंद्र आणि सूर्य यांचा हिशेब जुळत नाही म्हणून! (हशा) कवीला ती आतून सुचली म्हणून नव्हे. आज त्या छप्पन्नांतली चार उपरी कोणती हे ओळखून दाखवा. मला तरी ओळखता येत नाहीत. हा पहिला मुद्दा लक्षात ठेवा. बाहेरून आलेली मोजणी आतल्या निर्मितीला परकी राहिलीच पाहिजे असं नाही.

गीतरामायणाच्या पहिल्या गीताची एक गोष्ट सांगतात. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, त्यामुळे मी ती आख्यायिका म्हणूनच सांगतो. गदिमांनी लिहून दिलेला कागद हरवला. ध्वनिमुद्रणाची वेळ झालेली. रागावलेल्या गदिमांना एका खोलीत बसवलं, आणि त्यांनी पाऊण तासात म्हणा, पंधरा मिनिटांत म्हणा, गीत पुन्हा लिहून दिलं. ही गोष्ट आपण प्रतिभेचा चमत्कार म्हणून सांगतो. मला ती बरोबर उलट्या बाजूने महत्त्वाची वाटते. हरवला होता तो कागद. प्रसंग हरवला नव्हता: रामासमोर त्याचीच मुलं त्याचीच कथा गात आहेत, आणि ती आपली मुलं आहेत हे त्याला माहीत नाही. कोण गातो, कुणासमोर गातो, सांगायचं काय, हे सगळं ठरलेलं होतं. ज्याच्या मनात चौकट पक्की असते त्याचा कागद हरवला तरी चालतं. आपलं उलटं असतं. आपले कागद सगळे जपून ठेवलेले असतात, आणि चौकट नसते.

चौकट म्हणजे काय, ते जरा उलगडून सांगतो. गीतरामायणात तिचे चार थर दिसतात.

पहिला थर तारखेचा. शुक्रवार येणार म्हणजे येणार.

दुसरा थर कथेचा. 'पुढे काय' हा प्रश्न वाल्मीकींनी सोडवून ठेवलेला. कवीपुढे प्रश्न उरतो तो एवढाच की या आठवड्यात कथेतल्या कोणत्या क्षणावर थांबायचं.

तिसरा थर बोलणाऱ्याचा. गीतरामायणातली गीतं बहुतेक पात्रांच्या तोंडी आहेत. दशरथ बोलतो, कौसल्या बोलते, निषादराज बोलतो, शूर्पणखा बोलते. भावगीतातला 'मी' हा फार निसरडा असतो. त्याला काय वाटतं हे त्यालाच कळत नाही, आणि म्हणून दुसरा अंतरा येत नाही! कौसल्येला काय वाटतं हे मात्र विचारता येतं. ती कुठे उभी आहे, समोर कोण आहे, आता काय घडणार आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून तीन अंतरे सहज निघतात.

चौथा थर गीताच्या घडणीचा, म्हणजे ध्रुवपद आणि अंतरे. इथे एक तांत्रिक गोष्ट बघा. आपलं भावगीत ज्या काळात घडलं तेव्हा ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची असे. त्यात मुखडा आणि दोन-तीन अंतरे मावत. 'तीन अंतऱ्यांचं भावगीत' हा काही ईश्वरी नियम नाही, तबकडीचं माप आहे ते. रेडिओने ते माप सैल केलं. म्हणून गीतरामायणातली काही गीतं नऊ-दहा अंतऱ्यांची आहेत. पण माप सैल झालं की वेगळी अडचण येते. दहा वेळा तीच चाल कशी ऐकायची? मग फडक्यांना अंतऱ्यांच्या चाली बदलत न्याव्या लागल्या. रामाने भरताला केलेला उपदेश आठवा, यमन कल्याणातला. मुळात तो युक्तिवाद आहे. संगीताच्या दृष्टीने ही आपत्तीच. पण चाल अंतऱ्यागणिक नवी वाट घेते आणि दर वेळी ध्रुवपदाशी परत येते, त्यामुळे तत्त्वज्ञान ऐकवतं. आम्ही प्राध्यापकांनी हे आधी शिकायला हवं होतं. (हशा)

आता कुणी म्हणेल, हे सगळं कारागिरीचं बोलणं झालं, प्रतिभेचं काय? प्रतिभेचा सगळ्यात मोठा वकील म्हणून आपण कांटचं नाव घेतो. प्रतिभा कलेला नियम देते, ती नियमातून जन्मत नाही, हे कांटने १७९०च्या ग्रंथात सांगितलं. पण त्याच ग्रंथात, त्याच्या थोडं आधी, तो आणखी एक गोष्ट सांगून जातो आणि ती आपण विसरतो. सगळ्या मुक्त कलांमध्ये काहीतरी सक्तीचं, यंत्रवत लागतंच, नाहीतर कलेतल्या चैतन्याला शरीरच राहणार नाही, ते उडून जाईल. काव्यातलं उदाहरणही तो देतो, भाषेची शुद्धता आणि वृत्त. म्हणजे कांटच्या मतेसुद्धा वृत्त म्हणजे चैतन्याचा तुरुंग नव्हे, त्याचं शरीर. आमच्या तरुण मित्राची चाळीस गाणी ही शरीर न मिळालेली चैतन्यं आहेत. भुतं म्हणत नाही मी. (हशा)

आता दुसऱ्या अंगाकडे येऊ. आजकाल 'समूहाचा आधार' असं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? चार मित्र, 'वा वा, छान चाललंय, लिहीत राहा'. त्याने बरं वाटतं, नाही असं नाही. पण 'वा वा'ने गाणं पूर्ण होत नाही. उलट अर्ध्या गाण्यालाच वाहवा मिळाली की पूर्ण करण्याची निकड संपते.

गीतरामायणामागचा समूह वेगळ्या जातीचा होता. त्यातल्या प्रत्येकाला त्या गीताचं काहीतरी करायचं होतं. संगीतकाराला चाल लावायची होती. गायकांना ते गळ्यात बसवायचं होतं, आणि ते गायक कोण, तर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, राम फाटक, मालती पांडे, ललिता फडके. वादकांना साथ करायची होती. आणि श्रोते? लोक शुक्रवारी सकाळी रेडिओभोवती जमत, कुठे कुठे रेडिओला हार घालत. पुण्यातली वर्तमानपत्रं नवं गीत छापू लागली. म्हणजे कवीच्या हातातून निघालेला कागद दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी हातात जाणारच होता, आणि त्याचं काम त्या कागदावाचून अडणार होतं. समूह म्हणजे पाठीवरचा हात नव्हे. पुढे केलेला हात म्हणजे समूह. 'द्या इकडे' म्हणणारा.

म्हणून मी म्हटलं की पूर्ण होणं हे हातावेगळं होण्यावर अवलंबून असतं. घ्यायला हात असला की द्यायची वस्तू आकार धरते. पुढे गीतरामायणाचे हिंदी, कन्नड, तेलुगू, कोंकणी अशा किती भाषांत अनुवाद झाले, आणि ते फडक्यांच्याच चालींवर गाता येतील असे झाले. आकार इतका नेटका होता की परक्या भाषेलासुद्धा त्यात राहता आलं.

इथवर मी स्तुती करत आलो. पण समीक्षा म्हणजे आरती नव्हे. चौकट काही देते तशी काही घेतेही, आणि काय घेते ते सांगितलं नाही तर माझं उत्तर अर्धवट राहील.

साधी गोष्ट आधी. सगळी छप्पन्न गीतं सारख्या तोलाची नाहीत. काही गीतं कथेचा एक टप्पा ओलांडायला आलेली आहेत. प्रवासात लागणाऱ्या पुलासारखी, पुलावर कुणी मुक्काम करत नाही. साप्ताहिक लेखनाचा हा कर आहे आणि तो भरावा लागतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. गीतरामायणाची रचना वर्तुळाकार आहे. पहिल्या गीतात लव-कुश रामासमोर गात आहेत, राग भूप. शेवटच्या, छप्पन्नाव्या गीतात वाल्मीकी त्याच मुलांना सांगत आहेत की रामायण कसं गायचं, आणि ते भैरवीत, मैफल संपवण्याच्या आपल्या रागात. म्हणजे कथेच्या काळात शेवटचं गीत पहिल्याच्या आधी येतं. शेवट झाला की आपण पुन्हा आरंभाशी येतो. पहिल्याच शुक्रवारी कवीने आपला शेवट ठरवून टाकला होता म्हणा ना! रचनेची ही कमाल आहे. अर्धवट गाणी घेऊन बसलेल्यांनी यातून एवढं तरी घ्यावं की पोचायचं कुठे हे ठरलं तर निघता येतं.

पण पंचावन्नावं गीत कोणाचं? सीतेचं. गर्भवती सीतेला लक्ष्मण रानात सोडायला आला आहे आणि ती त्याला विचारते आहे की आता मी जाऊ कुठे. त्या प्रश्नाला उत्तर नाही. लक्ष्मणाकडे नाही, रामाकडे नाही, कवीकडेही नाही. आणि लगेच पुढच्या आठवड्यात भैरवी सुरू होते, मुलं गायला निघतात, वर्तुळ मिटतं. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात सीता त्या सभेत येते आणि धरणीच्या पोटात जाते. गीतरामायण तिथवर जातच नाही. ज्या सभेत आपण पहिल्या गीतात बसलो होतो आणि शेवटी जिथे परत जातो, त्या सभेत सीता नाही. वर्तुळ पूर्ण होतं ते सीतेला बाहेर ठेवून.

तरुणपणी मला ही पळवाट वाटायची. रामनवमीचा कार्यक्रम, मंगल शेवट हवा, म्हणून कटवलं, असं मी वर्गात ठासून सांगायचो. आता सत्तरीत मी इतका ठाम नाही. सीतेचा प्रश्न त्यांनी गाळलेला नाही, पूर्ण तीव्रतेने मांडला आहे. फक्त त्याला उत्तर दिल्याचं सोंग केलेलं नाही. तरीही हे म्हणावंच लागतं की रचना जितकी घट्ट, तितकी तिला न मावणाऱ्या दुःखाची अडचण होते. सुरेख शेवटाच्या समाधानात आपण पंचावन्नावा आठवडा विसरतो. हा विसर कवीचा नसेल, पण वर्तुळाचा आहे.

मग सीतेच्या प्रश्नाला राहता येईल अशी दुसरी घडण आपल्याकडे आहे का? आहे, आणि ती रेडिओच्या कितीतरी आधीची आहे. जात्यावरची ओवी. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. त्यात सीतेच्या वनवासावरच्या ओव्या भरपूर आहेत. आपल्या सासुरवासाचं दुःख बायका तिच्या तोंडून सांगतात.

आता या ओवीची चौकट आणि समूह बघा. चौकट जात्याच्या फिरण्याची. हात फिरतो तशी ओळ फिरते. दळण संपेपर्यंत गायचं, हीच तारीख. समूह म्हणजे समोर बसून त्याच खुंट्याला धरलेली दुसरी बाई, जाऊ असेल, नणंद असेल, शेजारीण असेल. एकीने ओवी म्हटली की दुसरी तिला जोडून म्हणते. प्रत्येक ओवी दोन ओळींत पूर्ण, पण ओव्यांची माळ कधीच पूर्ण होत नाही. शेवटची ओवी असं काही नसतंच, पीठ भरलं की उठायचं. म्हणून तिथे सीतेला परत परत विचारता येतं. मिटायला वर्तुळच नाही. जातं गोल फिरतं, पण गाणं उघडं राहतं.

या दोन्हीत श्रेष्ठ-कनिष्ठ लावायला मी उभा नाही. गीतरामायणासारखी घडण एका माणसाच्या प्रतिभेला छप्पन्न वेळा शेवटाला नेते. ओवीची घडण लाखो बायकांना, ज्यांना कुणी कवयित्री म्हटलं नाही त्यांना, दोन ओळी पूर्ण करू देते. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. एकट्याने, प्रेरणेची वाट बघत, अमर्याद वेळ हाताशी असताना झालेलं असं तिथे काहीच नाही.

आपल्या समीक्षेने मात्र बराच काळ उलटं धरलं. 'कवी' वरचा आणि 'गीतकार' खालचा, कारण गीतकार मागणीवरून लिहितो, चालीवर लिहितो, तारखेला लिहितो. हा निकष लावला तर कीर्तनासाठी रचलेली आख्यानं गेली, आणि नाटकाच्या तालमीत घडलेली पदंही गेली. मराठी गाण्यातलं उरणार काय? मागणीवरून लिहिणं हा दोष नाही. मागणीच्या पलीकडे काहीच न देणं हा दोष आहे. या दोन्हींतला फरक करणं हे समीक्षकाचं काम, आणि ते आम्ही आळसाने टाळलं.

आता माझ्या तरुण मित्रासाठी. तुम्ही इथे असाल तर ऐका. वाट बघू की ओढून पूर्ण करू, हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण दोन्हींत तुम्ही एकटेच आहात. चाळीसांतलं एक उचला. गाणं कोण म्हणतंय ते ठरवा, आणि तो 'मी' नसला तर उत्तम. शेवट कुठे करायचा ते ठरवा. तारीख ठरवा. आणि असा एक माणूस शोधा ज्याला त्या तारखेला ते गाणं घेऊन काहीतरी करायचं आहे. गाणारा असेल, पेटीवाला असेल, शाळेच्या संमेलनाचे बाई असतील. कौतुक करणारा नको, थांबलेला हवा. गाणं कदाचित बेताचं होईल, पुलासारखं. होऊ दे. पुढचं गाव पुलापलीकडेच असतं.

आणि पूर्ण झाल्यावर एकदा मागे वळून बघा की त्या सुबक शेवटाने कुणाला बाहेर ठेवलं. ती व्यक्ती म्हणजे तुमचं पुढचं गाणं.

हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो? माझ्याही कपाटात एक वही आहे. वयाच्या पंचविशीतली, सतरा गीतांची, सगळी एकेका अंतऱ्याची. बरीच वर्षं मी असं समजत होतो की तत्त्वज्ञानाने माझ्यातला कवी मारला. तसं काही नव्हतं. ती वही मी कधी कुणाला मागूच दिली नाही.